भोसले घाट ते नागपूर : पट्टकृमीच्या वर्गीकरणाचा प्रवास

काशीतील भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. या दोन नगरांचा संबंध घाटाच्या पाषाणापुरता मर्यादित नाही. विज्ञानातील एका जुन्या प्रश्नाच्या इतिहासातही दोन्ही नगरे भेटतात. तो प्रश्न म्हणजे, कृमींची वर्गवारी कशी करावी?

काशिराज दिवोदास धन्वंतरींनी सुश्रुतास शल्यविद्या शिकविली, असे सुश्रुतसंहिता सांगते. या संहितेने कृमींचे वीस प्रकार मानून पुरीष, कफ व रक्त या उत्पत्तिस्थानांनुसार त्यांचे तीन गट केले. वर्गीकरणाची कसोटी होती, कृमी कोठे उद्भवतो.

१७५८ मध्ये लिनीयसने सर्व कृमींबरोबर गोगलगायी व तारामासेही ‘व्हर्मीस’ या एकाच वर्गात घातले. पट्टकृमीला त्याने दिलेले ‘टीनिया सोलियम’ हे नाव मात्र आजही कायम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुडॉल्फीने पट्टकृमी व मांसात आढळणारे पुटीकृमी यांचे दोन स्वतंत्र गण मानले. पुढे १८५० च्या दशकात क्यूकेनमाइस्टरने प्रयोगांनी दाखविले की, डुकराच्या मांसातील पुटी ही पट्टकृमीचीच बाल्यावस्था आहे. वेगळे मानलेले दोन गण एकाच जीवाचे बालपण व प्रौढपण ठरले. मांस पूर्ण शिजवून खाण्याच्या आरोग्यनियमाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

गांडूळ आणि पट्टकृमी दोघेही खंडयुक्त दिसतात. तरी गांडूळ वलयी प्राणिसंघात व पट्टकृमी चपट्या कृमींच्या संघात येतो. गांडुळाला मुखापासून गुदद्वारापर्यंत सलग अन्ननलिका व देहगुहा असते. पट्टकृमीला मुख नाही, अन्ननलिका नाही. पचलेले अन्न तो त्वचेतूनच शोषतो. त्याचे नवे खंडही डोक्यामागील मानेपाशी तयार होतात.

मग खंडच नसलेल्या कृमीला पट्टकृमी म्हणावे काय? नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांच्यासमोर मागूर माशातील असाच कृमी होता. १९२५ मध्ये ‘पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी त्याचे वर्णन ‘कॅरिओफिलियस इंडिकस’ या नावाने केले. लेखाच्या शीर्षकात वर्ग होता ट्रेमॅटोडा, म्हणजे यकृतकृमीचा. १९३१ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी पूरक वर्णन प्रसिद्ध केले. आता नाव होते ‘लायटोसेस्टस इंडिकस’ आणि वर्ग सेस्टोडा, म्हणजे पट्टकृमींचा. यकृतकृमीला मुख व आतडे असते. या गटातील कृमींना ते नसते. बाह्यरूपापेक्षा अंतर्रचना निर्णायक ठरते, ती अशी.

आपले पहिले वर्गीकरण सहा वर्षांनी त्याच व्यासपीठावर स्वतः दुरुस्त करण्यास विद्वत्तेइतकाच प्रांजळपणा लागतो. आमच्या विद्यार्थिनी व विद्यार्थी परीक्षेसाठी जो प्राणिसंघांचा तक्ता पाठ करतात, तो अशाच दुरुस्त्यांतून सिद्ध झाला आहे. तक्त्यातील एखाद्या नावावर बोट ठेवून “हे येथेच का?” असे विचारणारे मूल वर्गात असेल, तर त्याला उत्तरासाठी अवश्य वेळ द्यावा.