डिस्कचा सातबारा

जुन्नर तालुक्यातल्या खोडद आणि आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरच्या मुलखात जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश पसरल्या आहेत. त्यांचे संकेत एकत्र जुळवायचं काम आधी खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करायची. 2010च्या सुमारास ते लिनक्सवर चालणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या पीसींच्या ताफ्याकडे आलं. दूरच्या पल्सारचा संकेत हाताळणारा पीसी असो की मंचरच्या दुकानात बिलं काढणारा, दोघांचं कूळ एकच.

त्या कुळाचा मूळपुरुष ऑगस्ट 1981चा आयबीएम पीसी. बटण दाबलं की त्याचा बायॉस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, डिस्कवरचा पहिला 512 बाइटचा तुकडा मेमरीत ठरलेल्या जागी आणायचा आणि कारभार त्याच्या हाती सोपवायचा. डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमला तेव्हा किमान 32 केबी मेमरी लागे, म्हणून ही जागा त्या 32 केबीच्या शेवटाआधी एक केबीवर ठरली. पुढे मेमरी कितीतरी पटींनी वाढली, पण बायॉसच्या मशीनमध्ये ती जागा हलली नाही.

1983मध्ये पीसी एक्सटीबरोबर 10 एमबीची हार्डडिस्क आली आणि एकाच डिस्कचे हिस्से पाडायची सोय हवी झाली. पहिल्या तुकड्यातले 446 बाइट प्रोग्रामला, 64 बाइट चार हिश्श्यांच्या नोंदींना, उरलेले दोन खुणेला. हा झाला डिस्कचा सातबारा.

446 बाइटांत मावणार किती? 1995ला सुरू झालेल्या ग्रबनेही, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरनेही, आपला पहिला छोटा भाग तिथे ठेवला आणि बाकीचा पसारा दुसरीकडे. दोन डिस्क असल्या की गोची इथेच होते. लिनक्स दुसऱ्या डिस्कवर, ग्रबचा पहिला भाग मात्र पहिलीवर. दुसरी डिस्क काढली की काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ उमटतं. पहिलीवर विंडोज नव्याने टाकलं, तर ग्रबच पुसला जातो.

बायॉसऐवजी इंटेलने इटानियम प्रोसेसरसाठी मशीन सुरू करायची नवी पद्धत काढली. 2005मध्ये यूईएफआय फोरमने ती हाती घेतली. आता बूटलोडर एका छोट्या फॅट पार्टिशनमध्ये फाइल म्हणून राहतो आणि त्याची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत. तरी जुनं दुखणं गेलं नाही. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली, तरी फाइल पहिल्या डिस्कच्या पार्टिशनमध्येच जायची. शिवाय डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तर नोंद जुन्या मदरबोर्डवरच राहते.

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्यामुळे जुन्या पीसीत दुसरी एसएसडी बसवून लिनक्स टाकणार असाल, तर आधी पहिल्या डिस्कची केबल काढा. इन्स्टॉल संपल्यावर नवी डिस्क एकटी सुरू होते का ते पाहा, मगच जुनी परत जोडा.