केमिकलचा निळा ड्रम घरात आणण्याआधी

मुंब्रा-कौसा, दिवा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली. जिथे नळाला ठरावीक वेळेलाच पाणी येतं, तिथे २०० लिटरचा निळा ड्रम बऱ्याच घरांत असतो. नवा महाग पडतो, म्हणून भंगारातून जुना आणतात. त्यातच वुजूचं पाणी, सबीलीचं शरबत आणि वलीम्याच्या दिवशी देगीत ओतायचं पाणीही. "दोनदा साबणाने घासलाय" म्हटलं की घरच्यांचं समाधान होतं. पण घासलेला ड्रम डोळ्यांना साफ दिसला, तरी पिण्याच्या पाण्यासाठी तो सुरक्षित झालेला नसतो.

आपल्या शेजारीच डोंबिवली एमआयडीसी आहे. रंग, औषधांचा कच्चा माल, सॉल्व्हंट, आम्लं, सगळं तिथे येतं-जातं. २६ मे २०१६ ला प्रोबेस आणि २३ मे २०२४ ला अमुदान या कारखान्यांत झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. घातक रसायन लागलेली रिकामी पिंपं २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार स्वतःच घातक कचरा ठरतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यानेच ती घ्यायची आणि साफ करायची असतात. त्यामुळे दुकानदाराला बिनधास्त विचारा: माल कुठून आला, आत काय होतं? उत्तर "माहीत नाही" असेल तर तो ड्रम पाण्यासाठी घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

का, ते मुलांच्या टिफिनवरून कळेल. प्लास्टिकच्या डब्याला लागलेला हळदीचा डाग आणि लोणच्याचा वास कितीही घासा, जात नाही, कारण तो प्लास्टिकच्या आत शिरलेला असतो. ड्रमचं एचडीपीई प्लास्टिकही थिनर, टोल्युइन, कीटकनाशक असे तेलकट पदार्थ असंच शोषून घेतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडतं. झाकण लावून ड्रम दिवसभर उन्हात ठेवा. उघडल्यावर वास आला तर विषय संपला. वास नाही आला, तरी ती सुरक्षिततेची खात्री नव्हे.

निळा रंग म्हणजे पाण्याचा ड्रम, हा गैरसमज आहे. त्रिकोणातला '२' फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अन्नासाठी चालणाऱ्या भांड्यावर ग्लास आणि काट्याची खूण असते, पण नंतर त्यात काय भरलं गेलं हे ती खूण सांगत नाही. कवटी किंवा चौकोनी ज्वाळेचं चिन्ह दिसलं की लांब राहा. कीटकनाशकाच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो; हिरवा सुद्धा विषाचाच, फक्त तीव्रता कमी. लेबल खरवडून काढलेलं असेल तर ते का काढलं, हा प्रश्न पडायला हवा.

पाण्यासाठी जुना ड्रम घ्यायचाच असेल तर ग्लुकोज सिरप, फळांचा गर किंवा लोणच्याचाच घ्या. कोमट पाणी आणि साबणाने धुवा, भरपूर खंगाळा. मग पाण्याने भरून त्यात ५ टक्क्यांचं ब्लीच साधारण २०० मिली टाका, काही तास ठेवा, ओता आणि पुन्हा दोन-तीनदा खंगाळा. ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, तो जीव घेऊ शकतो.

फिनाईल किंवा लिक्विड सोपचा ड्रम कचऱ्यासाठी, रॅबिटसाठी चालेल. पाव भाग पाणी भरून, झाकण लावून लोळवा, ओता. असं तीनदा आणि फेस येणं थांबेपर्यंत पुढेही. भाजीची रोपं मात्र त्यात लावू नका.

मला जास्त काळजी वाटते ती भंगारात रोजी कमावणाऱ्या आपल्या मुलांची. उघड्या हातांनी, चप्पल घालून ते ही पिंपं धुतात आणि धुवण नाल्यात सोडतात. तेच वालधुनी आणि उल्हास नदीत जातं. २०१४ मध्ये वालधुनीत रसायन सोडल्यावर उल्हासनगरात शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. रबरी हातमोजे, गमबूट आणि चष्मा यांचा खर्च मालकाने करायलाच हवा. सॉल्व्हंटचा रिकामा ड्रम ग्राइंडरने किंवा गॅसने कापणं सगळ्यात घातक, कारण आत उरलेली वाफ एका ठिणगीने फुटते. अंगावर किंवा डोळ्यात रसायन उडालं तर कपडे लगेच उतरवा, किमान १५ ते २० मिनिटं वाहतं पाणी सोडा, हळद-टूथपेस्ट काही लावू नका आणि डॉक्टरांकडे जाताना लेबलचा फोटो सोबत घ्या.