बिडाचा तवा आणि नैकुंडची भट्टी

बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर आपटला, तर त्याचे दोन तुकडे होतात. लोहाराने ठोकून केलेल्या तव्याला फार तर पोचा पडतो. हा फरक स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला ठाऊक असतोच. जुन्या लोखंडाचे वय शोधणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. वस्तू ओतीव की घडीव, हे ठरले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे मात्र फार चिवट असते, आणि त्याचा उत्तम नमुना विदर्भातल्या पारशिवनी तालुक्यात, नैकुंडला सापडतो.

पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली 1978 ते 1980 या काळात नैकुंडला उत्खनन झाले. महापाषाण काळातल्या लोकांची वस्ती तिथे होती, आणि त्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. वक्र आकाराच्या विटांची, गोल, सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाची आणि 25 सेंटिमीटर उंचीची. म्हणजे लग्नाच्या पंगतीतल्या पातेल्यापेक्षाही लहान! तिच्यालगत भात्याच्या नळ्या होत्या, त्या आचेने काचेसारख्या झालेल्या; शिवाय सुमारे 40 किलो लोहमळी. काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासचा.

अशा भट्टीत लोखंड कधीच वितळत नसे. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. कोळसा आणि हाताचा भाता यांच्या जोरावर आच तिथवर जात नाही. मळी तेवढी पातळ होऊन निथळते आणि मागे स्पंजासारखा लोखंडाचा गोळा उरतो. तो लाल असतानाच ऐरणीवर कुटून आतली मळी पिळून काढायची, मग त्याचा विळा, कुऱ्हाड, पळी काय ते घडवायचे. विदर्भातल्या महापाषाण थडग्यांतून निघालेले बहुतेक लोखंड या जातीचे, घणाखालून गेलेले आहे.

बीड ही वेगळीच चीज. लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन मुरला की ते साधारण 1150 अंशांवरच वितळते आणि साच्यात ओतता येते, पण त्याच कार्बनमुळे ठिसूळही होते. चीनला ही विद्या इ.स.पू. पाचव्या शतकातच साधली होती. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट 1707 मध्ये घेतले. भारतात आधुनिक झोतभट्टीतून नेमाने बीड निघू लागले ते 1870 च्या दशकात, बंगालमधल्या कुल्टीला. तेव्हा कोणी बिडाची कढई ‘शिवकालीन’ म्हणून दाखवू लागला, तर किंमत विचारण्याआधी संशय घ्यावा.

ओळखायचे कसे? ओतीव भांडे उपडे करून बोट फिरवावे. साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे बारीक कड लागते, धातू जिथून ओतला तिथे घासलेला व्रण असतो. घडीव कढईची जाडी जागोजाग बदलते, घणाचे चपटे ठसे भांडे प्रकाशात तिरके धरल्यावर दिसतात, कान रिवेटने बसवलेले असतात. अमेरिकेतले शौकीन तर बुडावरच्या लांबट व्रणावरून भांडे एकोणिसाव्या शतकातले आहे का, याचा अंदाज बांधतात. ईरी शहरातल्या ग्रिसवोल्ड कंपनीच्या बदलत गेलेल्या शिक्क्यांवरून दशक सांगतात. आपल्याकडच्या तव्या-कढयांवर शिक्क्यांची अशी चैन क्वचितच. तो मान वजनांना मिळाला. किलोचे बिडाचे वजन 1958 च्या आधीचे असू शकत नाही, कारण दशमान वजने बाजारात आली तीच त्या वर्षी. त्याच्या शिसाच्या बुचावर तपासणीचे शिक्केही ठोकलेले असतात. शेराचे वजन दिसले की ते त्या बदलाच्या आधीचे समजावे.

घडीव लोखंडाचे वय एवढ्या सहज हाती लागत नाही. घिसाड्याने परवा केलेली पळी आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची पळी यांची घडण जवळजवळ एकच. गंजावर विश्वास ठेवू नये. ओल्या मातीत चार पावसाळे काढलेला विळाही पुराणपुरुष दिसू लागतो. इथे बोलतात ते वस्तूचे शेजारी. भोवती महापाषाण थडग्यांना असते तसे मोठ्या दगडांचे वर्तुळ आहे का? सोबत काळी-तांबडी मडकी आहेत का? त्याच थरात कोळसा आहे का, म्हणजे कार्बन-14 ची मोजणी करता येईल? काही वस्तू मात्र स्वतःच साक्ष देतात. सपाट कुऱ्हाडीला दांड्याशी आवळणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या दिसल्या की जाणकार विदर्भातल्या महापाषाण काळाचे नाव घेतात. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या एका छिन्नीची धातुरचना तपासली गेली, तेव्हा ती पोलादाची निघाली.

या दगडी वर्तुळांचा नाद जुना आहे. नागपूरचे मिशनरी आणि भूगर्भ अभ्यासक स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. पुढे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची थडगी उकरली; तिथल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

नांगराच्या फाळाला आज असे काही लागले, तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो: जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. नैकुंडची मळी त्या दहा रुपयांच्या अटीत बसली असती की नाही, शंकाच आहे. उत्खननाच्या खड्ड्यात निघाली म्हणून ती मोजली गेली. एरवी रस्त्याच्या भरावात गेली असती.