तांत आणि नायलॉन

बॅडमिंटनच्या इतिहासात पुण्याचे नाव अग्रभागी आहे. 1870 च्या दशकात तेथील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी या खेळाचे नियम बांधले, आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. त्या काळी रॅकेटची जाळी जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तांतीने विणीत. पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही तशीच तांत असे. ती लवचिक खरी. पण पावसाळी हवेत ओल धरून ढिली पडे व तुटे. वारंवार नवी जाळी विणून घेण्याचा खर्च सामान्य खेळाडूला जड जाई.

1935 मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन सिद्ध केले. पुढे त्याचा धागा रॅकेटवर चढला. तो स्वस्त होता आणि दमट हवेतही तांतीहून अधिक टिकाव धरी. आजही निवड करताना तत्त्व एकच : सुमारे 0.70 मिलिमीटर जाडीचा धागा अधिक टिकतो. त्याहून बारीक धाग्याने फटका खणखणीत बसतो, पण तो लवकर तुटतो. ताण बेताचा ठेवल्यास आयुष्य आणखी वाढते.

तांत मागे पडली. मात्र जाळी विणण्याला खेळाडू अजून ‘गटिंग’च म्हणतात. वस्तू गेली, तिचे नाव तेवढे उरले.