प्रभातची उसनवारी

पुण्यात चित्रपटविद्या शिकणारा एक तरुण अधूनमधून आमच्याकडे येतो. त्याच्या पिशवीत कधी नाटकाचे पुस्तक असते, कधी जुनी कादंबरी, आणि तोंडी मात्र अखंड चित्रपट! परवा स्वारी जरा खिन्न दिसली. कोणा सहाध्यायाने त्याला हटकले होते की, कॅमेरा शिकायला आलास, मग रात्री-रात्री नाटके कसली पाहतोस? त्याला उत्तर सुचले नाही. वस्तुतः तो ज्या आवारात शिकतो, तेथेच ते उत्तर आहे. १९६० साली स्थापन झालेली ही संस्था प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत नांदते आहे. आणि प्रभात जी उभी राहिली, ती पुष्कळशी रंगभूमीच्या व कादंबरीच्या उसनवारीवर.

ही उसनवारी कोल्हापुरात सुरू झाली. आनंदराव व बाबूराव पेंटर ही जोडी मूळची नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारी. बाबूरावांनी पुढे कॅमेराच घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्याच आख्यानावरचे खाडिलकरांचे 'कीचकवध' सरकारने बंद करून फार वर्षे झाली नव्हती. १९२३ सालचा 'सिंहगड' हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून घेतला, तर १९२५ सालच्या 'सावकारी पाश'ची कथा नारायण हरि आपट्यांची. (ह्या दोन नावांनी भल्याभल्यांना चकविले आहे, आम्हीही त्याला अपवाद नाही.) त्या चित्रपटातला तरुण शेतकरी म्हणजे शांताराम वणकुद्रे. लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काढून आलेला, आणि आता बाबूरावांच्या कारखान्यात पडेल ते काम करून शिकणारा. शाळा नव्हती, पदवी नव्हती. पण विद्यार्थी खरा.

१९२९ साली ह्याच शांतारामबापूंनी दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी ह्यांच्यासह प्रभात काढली. तीन वर्षांनी 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, तेव्हा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. एके काळी ज्या मंडळीत पोर म्हणून वावरलो, तिच्या धन्यांपैकी एकाला आता कॅमेऱ्यापुढे उभे करायचे! त्या दिवशी बापूंच्या मनात काय आले असेल, ह्याचा आम्ही अनेकदा विचार केला आहे.

पण येथे एक शल्य आहे, आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून नव्या नाटकाची वाट दाखविली. त्यात केशवराव दाते होते; संगीत केशवराव भोळ्यांचे होते. पुढच्याच वर्षी हे दोन्ही केशवराव प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये दिसतात, आणि नाट्यमन्वंतर काही फार काळ टिकले नाही. इकडे बोलपटाच्या लोंढ्यात एकेक नाटक मंडळी बसत चालली होती. चित्रपटाने आईचे दूध पिऊन आईलाच उपाशी ठेवले, असे त्या काळच्या नाटकवाल्यांना वाटले असेल तर त्यांना दोष कोण देईल? स्वतः बालगंधर्व १९३५ साली 'धर्मात्मा'त एकनाथ झाले; पण 'वन्समोअर'वर वाढलेल्या त्या गळ्याला मुक्या यंत्रापुढे गाणे मानवणारे नव्हतेच. ते लवकरच रंगभूमीवर परतले.

मग प्रभातने नुसती लूट केली काय? आम्हांस तसे वाटत नाही. 'संत तुकाराम'कडे पाहा. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. त्या देहातले मार्दव १९३६ साली तुकोबांच्या अंगी कसे शोभले! त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी स्वतः रचलेला. तो पुष्कळांनी तुकोबांचाच मानला. गाथा कानात मुरल्यावाचून असे घडत नाही.

आणि १९३७ सालचा 'कुंकू'! नारायण हरींच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून घेतलेला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा म्हणजे शांता आपटे, आणि तो म्हातारा म्हणजे केशवराव दाते. येथे केशवरावांचा नाटकी आवाज कोठे ऐकू येतो? रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविलेला शोक येथे डोळ्यांत, मिशीला कलप लावणाऱ्या बोटांत येऊन बसला आहे. भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले, रस्त्यावरचे साधे आवाज तेवढे ऐकू येतात. नाटकात संगीताने काय साधते हे ज्यांनी जन्मभर पाहिले, त्यांनाच ते कोठे थांबवावे हे कळले. मात्र नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता म्हणते, तीही सुरात! कोठली कविता, कोठली सासर. पण ती मुलगी शिकलेली आहे, हे सांगायला दहा संवाद लिहिले असते तरी इतके साधले नसते.

हे सारे आम्ही त्या तरुणाला सांगितले. त्याने ऐकून घेतले, सहाध्यायाविषयी काही बोलला नाही. फक्त 'न पटणारी गोष्ट' कोठे मिळेल, असे विचारले. आमच्याकडची जुनी प्रत त्याने नेली, तिला दोन महिने होत आले. अद्याप परत आलेली नाही.