अणूच्या हिशेबातली तूट

अणूचे वस्तुमान काढायचे म्हणजे वरवर पाहता साध्या बेरजेचे काम. अणुगर्भात प्रोटॉन किती, न्यूट्रॉन किती, भोवती इलेक्ट्रॉन किती, हे कळले आणि प्रत्येकाचे वस्तुमान ठाऊक असले, की चौथीतला मुलगाही उत्तर काढील. पण हे उत्तर निसर्गाला मान्य नाही. हायड्रोजनचा साधा अणू सोडला, तर प्रत्येक अणू या बेरजेपेक्षा चांगलाच हलका भरतो. हा फरक कोठून आला याचा शोध घेताना माणसाला सूर्य कशावर तळपतो याचा उलगडा झाला, आणि त्याच वाटेवर पुढे हिरोशिमाही लागले. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

१८१५ साली लंडनच्या विल्यम प्राऊट या डॉक्टरने एक कल्पना मांडली. सर्व मूलद्रव्यांची अणुभारे हायड्रोजनच्या पूर्ण पटीत आहेत. म्हणजे हायड्रोजन ही वीट आणि बाकी सारी घरे त्याच विटांची! कल्पना सुंदर होती, पण क्लोरिनचा अणुभार ३५.५ च्या जवळपास येई. अर्धी वीट कोठून आणायची? बेल्जियमच्या स्तासने अत्यंत काटेकोर तोलमापे केली, तरी अपूर्णांक हटेना. प्राऊटची कल्पना मागे पडली.

तिला पुन्हा उजेडात आणले फ्रान्सिस ॲस्टन याने. हा गृहस्थ तरुणपणी तीन वर्षे बिअरच्या कारखान्यात रसायनज्ञ म्हणून नोकरीला होता. काच फुंकून उपकरणे बनवण्यातही त्याचा हातखंडा. १९१९ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याने विद्युत् आणि चुंबकाच्या बळावर अणू त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळे पाडणारे यंत्र उभारले. त्यात दिसले, की क्लोरिनचे अणू दोन जातींचे आहेत, ३५ आणि ३७ वस्तुमानाचे. साडेपस्तीस ही केवळ सरासरी. कारखान्यातला सरासरी पगार जसा कदाचित एकाही कामगाराच्या हाती पडत नाही, तसा साडेपस्तीस वस्तुमानाचा क्लोरिनचा एकही अणू जगात नाही.

मग प्राऊट खरा ठरला काय? जवळजवळ. ऑक्सिजन १६ धरला, तर इतर अणू पूर्णांकाला अगदी चिकटून येत. पण हायड्रोजन स्वतः १.००८ भरे. चार हायड्रोजनचे ४.०३२ व्हायला हवेत; हेलियम भरतो ४. हजारात आठांची तूट!

कामगार चळवळीत माझी तीस वर्षे पगाराच्या चिठ्ठ्या तपासण्यात गेली. कारकुनाच्या हातून होणारी चूक कधी कामगाराच्या बाजूने पडते, कधी मालकाच्या. फरक दर महिन्याला एकाच बाजूला पडू लागला, की त्याला चूक म्हणत नाहीत. त्यामागे कारण असते. ॲस्टनची तूट तशी होती.

कारण ओळखले आर्थर एडिंग्टन याने. वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच वस्तूची दोन रूपे, हे आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवले होते. ऑगस्ट १९२० मध्ये कार्डिफ येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे एडिंग्टनने सुचवले, की ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होत असेल, तर हीच तूट ऊर्जा होऊन बाहेर पडत असली पाहिजे. सूर्य केवळ आकुंचनामुळे तापतो असे मानले, तर त्याचे वय काही कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते, आणि भूगर्भशास्त्रज्ञांना तेवढे पुरत नव्हते. एडिंग्टनच्या हिशेबात ते पुरले. आज आपण जाणतो, की सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातले ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जारूपाने निघून जाते.

त्या वेळी न्यूट्रॉन कोणाला सापडला नव्हता. तो चॅडविकला १९३२ साली सापडला आणि बेरजेतले सर्व आकडे जागेवर बसले. आजच्या मापाने प्रोटॉन १.००७२७६, न्यूट्रॉन १.००८६६५, इलेक्ट्रॉन ०.०००५४९. हेलियममध्ये प्रत्येकी दोन, म्हणून बेरीज ४.०३२९८०. प्रत्यक्ष अणू ४.००२६०३. तूट ०.०३०३७७.

परंतु तूट दाखवणे निराळे आणि ती दुसऱ्या खात्यात जमा झालेली दाखवणे निराळे. हे दुसरे काम त्याच वर्षी केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केले. त्यांनी लिथियमवर वेगवान प्रोटॉन सोडले. त्यातून हेलियमचे दोन अणुगर्भ सुसाट बाहेर पडले. लिथियम ७.०१६० आणि हायड्रोजन १.००७८, मिळून ८.०२३८, दोन हेलियमचे ८.००५२. नाहीसे झालेले ०.०१८६ त्या दोन अणुगर्भांच्या वेगात सापडले. खाते जुळले.

पुढे दिसले, की सर्वांत घट्ट बांधलेले अणू लोखंडाच्या आसपासचे. म्हणून हलके अणू जोडले तरी ऊर्जा मिळते आणि युरेनियमसारखे जड अणू फोडले तरी मिळते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्ये एक ग्रॅमपेक्षाही कमी वस्तुमान ऊर्जेत बदलले, आणि शहर बेचिराख झाले. १९६९ साली आपल्या तारापूरला याच तुटीतून वीज निघू लागली. बेरीज-वजाबाकी दोन्हीकडे एकच. हात मात्र निराळे.

आता घरी जाऊन कार्बनचा हिशेब स्वतः मांडून पाहा. सहा प्रोटॉन ६.०४३६५६, सहा न्यूट्रॉन ६.०५१९९०, सहा इलेक्ट्रॉन ०.००३२९४; बेरीज १२.०९८९४०. १९६१ पासून हा अणू बरोबर १२ मानूनच इतर अणूंची मापे ठरवतात. उरलेले ०.०९८९४० चूक समजून खोडू नका. तेवढी ऊर्जा बाहेर गेली म्हणूनच हे कण एकत्र नांदतात, आणि तेवढी परत भरल्यावाचून त्यांना कोणी सुटे करू शकत नाही.