एका बिटाची कुळकथा

नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता कारखान्यातच ठरतो, म्हणून तो कायमचा, असं आपण शिकतो. प्रत्यक्षात तो बदलण्याची रीत ऐंशीच्या दशकापासून चालत आली आहे.

१९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती उभी केली. तेव्हा या जाळ्यातल्या कार्डाचा पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता. १९८०च्या मानकात तो ४८ बिटांचा झाला. त्यामागचा विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१च्या निबंधात मांडला. दलाल हे आयआयटी मुंबईचे १९७२चे पदवीधर. यंत्र कुठल्याही जाळ्यात न्या, त्याचा क्रमांक तोच राहावा आणि जगात दुसऱ्या कुणाचा नसावा, ही त्यांची भूमिका. पहिले २४ बिट उत्पादकाची ओळख सांगतात, उरलेल्यांतून तो १ कोटी ६७ लाखांहून जास्त कार्डांना क्रमांक देऊ शकतो.

हा नियम वाकवला तो मानक घडवणाऱ्यांपैकीच एका कंपनीने. डिजिटल नावाच्या या कंपनीच्या डेकनेट जाळ्यात यंत्र सुरू झालं की कार्डाचा पत्ता एए-००-०४-०० असा सुरू व्हायचा आणि पुढे त्या यंत्राचा डेकनेट क्रमांक लागायचा. क्रमांक कळला की पत्ता कळला, शोधाशोध नको. हे जमतं, कारण कार्डावरच्या रॉममधला क्रमांक ड्रायव्हर वाचतो आणि चालू रजिस्टरात भरतो. कार्ड पाळतं ते रजिस्टर. रॉम तशीच राहते.

आयईईईच्या मानकांनी या प्रथेला रीतसर जागा दिली: पहिल्या बाइटमधला खालून दुसरा बिट. तो १ असेल तर पत्ता कारखान्याचा नाही, जागेवर दिलेला. मला या साऱ्या रचनेतला हा सर्वांत समंजस निर्णय वाटतो.

लिनक्सवर मॅक पत्ता बदलणारी स्क्रिप्ट याच बिटावर उभी असते. इंटरफेस बंद करायचा, सहा बाइट यादृच्छिक घ्यायचे, ‘आयपी लिंक’ने पत्ता बसवायचा, इंटरफेस पुन्हा चालू. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट मात्र निम्म्या वेळा अडते. पहिल्या बाइटचा सर्वांत खालचा बिट १ आला तर तो समूहाचा पत्ता ठरतो आणि लिनक्स तो एकट्या कार्डाला देऊ देत नाही. म्हणून जाणकार तो बिट शून्य करतात, शेजारचा १ करतात आणि मगच पत्ता बसवतात.

घराघरांत ही युक्ती शिरली ती वेगळ्या वाटेने. ग्राहकाचं कनेक्शन एकाच मॅकला बांधणारे इंटरनेटवाले होते. त्यामुळे राउटरमध्येच जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता उचलून लावायची सोय आली.

२०१३ साली लंडनच्या सिटी भागात कचरापेट्यांमधली उपकरणं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनचे मॅक पत्ते टिपत असल्याचं उघड झालं. तिथल्या प्रशासनाने ते थांबवायला लावलं. रस्त्यातल्या माणसाला न विचारता त्याचा माग काढणं हा उघड अन्याय होता. पुढच्याच वर्षी आयओएस ८ वाय-फाय शोधताना खोटे पत्ते वापरू लागलं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तर प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा पत्ता ही मूळ सेटिंगच झाली. अशा पत्त्याचं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असतं, कारण पहिल्या बाइटमधला ‘जागेवर दिलेला’ सांगणारा बिट १ आणि समूहाचा बिट शून्य असतो. ठरावीक मॅक पत्त्यांची यादी ठेवून वाय-फायचं दार उघडणाऱ्या ऑफिसांना आणि वसतिगृहांना आता प्रवेशाची दुसरी पद्धत शोधावी लागते आहे.